आडवी बसणारी पाकोळी

सोमवार, ३ ऑक्टोबर

तिआहोनं ही डायरी दिली आणि म्हणाली, "आजी, चौकट विणायला घेतेयस ना, मग सगळं लिहीत जा. कोणी विणली, कशी विणली, पुढच्यांना कळायला नको?" नात माझी ऑकलंडात बस चालवते. तिला वाटतं जगातल्या सगळ्या गोष्टींना वेळापत्रक असतं. मी शाळेत गेले ती तिसरीपर्यंत. पुढे गाई आल्या, धाकटी भावंडं आली, शाळा राहिली. माझी अक्षरं मोठी येतात आणि ओळ खाली घसरत जाते. घसरू दे. खाली तरी कोण बसलंय बघायला.

तर झालंय असं. आमच्या सभाघराचं छप्पर दोन हिवाळे गळत होतं, त्यात दाराजवळच्या दोन खांबांमधली विणलेली चौकट कुजून गेली. आमच्या सासूबाईंनी विणलेली होती ती. आता छप्पर झालं, पूर्वजांच्या कोरीव खांबांना नवा रंग बसला, सगळे कसे ताजेतवाने उभे आहेत, आणि तेवढी एक जागा उघडी. पुढचा दात पडावा तशी दिसते. काल खांब कोरणाऱ्या एरुएरानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सासूची जागा सुनांनी भरायची. हुहाना आणि पिरिहिरा." डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पहाटे घर उघडायचंय, पाहुणे चारी बाजूंनी येणार. तोवर चौकट झाली तर झाली, नाही तर तिथे प्लायवूड ठोकू, असंही म्हणाला. प्लायवूड! सासूबाई टेकडीवरून उठून येतील आणि आधी माझाच कान धरतील.

पिरिहिरा म्हणजे मी, आणि हुहाना माझी थोरली जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही आता टेकडीवर शेजारी शेजारी झोपलेत, आणि आम्ही दोघी खाली भांडायला उरलोय.

ही चौकट एकटीला विणता येत नाही. बोरूच्या काड्या उभ्या, लाकडी कामट्या आडव्या. एकीनं पुढे बसायचं, एकीनं मागे. पुढचीनं पट्टी आत खुपसायची, मागचीनं ओढून घ्यायची आणि पुढच्या भोकातून परत पाठवायची. नक्षी पुढचीला दिसते, मागचीच्या वाट्याला नुसत्या गाठी. त्यामुळे पुढचा पाट मोठीचा, हे न सांगता ठरलेलं. मी मनाची तयारी करूनच गेले होते. तर हुहाना म्हणते, "मी मागे बसते."

ही बाई आयुष्यात गाडीतसुद्धा मागे बसली नाही.

"तुला बरं नाही का?" मी विचारलं.

"दिवसभर तुझं तोंड बघण्यापेक्षा काड्या बऱ्या," ती म्हणाली.

म्हणजे बरी आहे.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

आज काय बघितलं!

सकाळी चूल पेटवायला परसातल्या कोउकाच्या झाडाची वाळकी पानं ओढायला गेले. नेहमीचंच काम. कोउकाचा शेंडा हिरवा, तलवारी उपसल्यासारखा, आणि खाली वाळकी पानं लोंबतात, झग्यासारखी. ती पानं इतकी सुंदर पेटतात की रॉकेल झक मारतं. मी मूठभर ओढली आणि एका पानाचा तुकडा सुटून उडाला. वारा नव्हता. तुकडा उडाला, गोल फिरला आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसला.

चष्मा पुसला. जवळ गेले. दिव्यावर येतात ना तसली एक पाकोळी, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. रंग वाळक्या पानाचा. अंगावर बारीक बारीक रेघा, फणी ओढल्यासारख्या, एका पंखावरून निघून दुसऱ्या पंखावर सरळ गेलेल्या, मध्ये अंग आलंय याची दखलच नाही. बसली, जरा इकडेतिकडे सरकली, आमचा कुत्रा गोणपाटावर जागा करतो तशी, आणि नाहीशी झाली. उडाली नाही हं! तिथेच होती. मी बघत होते आणि ती दिसायची बंद झाली. पानाच्या शिरा तिच्या रेघांतून पुढे गेल्या. बोट नेलं तेव्हा परत उडाली, मग मी लहान मुलासारखी तिच्यामागे झाडाभोवती फिरले.

चहा झाला नाही. चूलच पेटली नाही तर चहा कुठून? इतकी वर्षं ही बाई माझ्या परसात राहते आणि आमची ओळख नव्हती, याचंच नवल करत बसले.

तिआहोला फोन केला. ती डेपोत होती. तिनं तिच्या फोनवर शोधून सांगितलं, "आजी, ही फक्त आपल्या देशात आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि राहते ती याच झाडावर."

"राणीच्या देशात नाही?"

"नाही."

"ऑस्ट्रेलियात?"

"नाही गं."

"नीट बघ. हेनारे म्हणतो तिथे सगळं मिळतं, म्हणून तर गेला."

"आजी, हे नाही मिळत."

असं म्हटल्यावर मला जे बरं वाटलं ते हेनारेला, माझ्या लेकाला, सांगता यायचं नाही.

शनिवार, ८ ऑक्टोबर

दोन दिवस झाडाखालीच आहे. शेंड्याच्या नव्या पानांना भोकं आहेत, ती मी कीड म्हणून बघत आले. आता कळलं, ती हिच्या पिलांची, अळ्यांची. पान मिटलेलं असतं तेव्हाच आतून खातात, त्यामुळे उघडलं की डावीकडे जसं भोक तसंच उजवीकडे. कागदाची घडी घालून पोरं कात्री चालवतात तसं. म्हणजे पिलं हिरवं खातात आणि आई वाळक्यावर झोपते. एकाच झाडात बाळंतघरही आणि म्हातारीची खोलीही! कसं सुचलं असेल?

दुपारी सभाघराच्या जेवणघरात नक्षीची बोलणी होती. एरुएरा म्हणाला, सासूबाईंची पायऱ्यांची नक्षी होती, तीच करा. मी म्हटलं, "पायऱ्या प्रत्येक सभाघरात आहेत. मला पाकोळी करायचीय." आणि सगळं सांगितलं. हातवारे करताना शिंपल्यांची वाटी सांडली.

"पूर्वजांच्या घरात किडा?" एरुएरा म्हणाला.

"तूच खांबावर सरडा कोरलायस ना? सरडा चालतो?"

"सरड्याची गोष्ट वेगळी. त्याला चार पाय असतात."

"हिला सहा आहेत."

लोक हसले. एरुएरा हसला नाही. तो कोरणारा माणूस, खांबांतली माणसं त्याच्या हातातून उभी राहिलेली, त्याला राग येणारच. मी गप्प बसणार होते, तेवढ्यात हुहानानं कोपऱ्यातून विचारलं, "रेघा सरळ आहेत? एकीला लागून एक?"

"फणी ओढल्यासारख्या."

"वळणं नाहीत, कोपरे नाहीत?"

"नाहीत."

"मग हीच करू," ती म्हणाली, आणि थोरलीनं म्हटल्यावर विषय संपला.

माझी बाजू घेतलीन! लग्नात माझ्या टोपीला "कोंबडीचं खुराडं" म्हणाली होती ही बाई. तिला पाकोळी बघायला चल म्हटलं तर म्हणाली, "तू बघितलीस ना, पुरे." बघायची नाही आणि तरी करायची. मला हिचं गणित कधी सुटलेलं नाही.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पट्ट्या तयार. रानवेलीच्या पानांच्या पांढऱ्या, किनाऱ्यावरच्या गवताच्या सोनेरी, आणि काही दलदलीच्या चिखलात पुरून काळ्या केलेल्या. हुहाना प्रत्येक पट्टी बोटांतून ओढते, मग ओठांवरून फिरवते आणि बाजूला ठेवते. काळी इकडे, बाकीच्या तिकडे. मी म्हटलं, "चव घेतेस की काय?" म्हणाली, "तुझ्या स्वयंपाकापेक्षा बरी आहे."

एरुएरानं प्रार्थना म्हटली आणि आम्ही सभाघरात विणायला बसलो. चौकटीजवळ खाणंपिणं चालत नाही, त्यामुळे चहाला बाहेर जावं लागतं. हुहाना जातच नाही. "गुडघे उठू देत नाहीत," म्हणते. मी तिच्यासाठी बाहेर कप भरून ठेवते, तो गार होतो.

शुक्रवार, २१ ऑक्टोबर

छान चाललंय. भोवतीनं सगळं वाळकं पान, म्हणजे काळ्यापांढऱ्या उभ्या रेघा. मधोमध माझी पाकोळी, डोकं वर, पंख दोन्हीकडे, सोनेरीत काळ्या रेघा. दुरूनसुद्धा ठळक दिसेल. एरुएरा डोकावून गेला. "उभी केलीस ते बरं केलंस," म्हणाला. एवढं म्हणाला हेच खूप.

आम्ही आता बोलतो. म्हणजे मी बोलते, काड्यांपलीकडून उत्तरं येतात. आज जुन्या गोष्टी निघाल्या. आमचे नवरे वाम पकडायला गेले आणि एकमेकांच्याच जाळ्यात पाय अडकून पडले, ती. हुहाना इतकी हसली की काड्या हलल्या. हसताना ती अजून तरुण दिसते का कुणास ठाऊक, मला नुसत्या काड्या दिसत होत्या.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

आज मी घाण केली.

पंखाला सोनेरी हवी असताना मागून पांढरी येत होती. पुढचे काही टाके मी बोलण्याच्या नादात ओढून घेतले, मग बघते तर अर्धा पंख धुतल्यासारखा पांढरा. ओल्या असताना या दोन पट्ट्या हाताला सारख्याच लागतात हे खरं, पण बघितलं की लगेच कळतं ना! म्हटलं, "हुहाना, सोनेरी." परत पांढरी आली. "सोनेरी गं!" परत पांढरी. मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, "डोळे आहेत की बटणं शिवलीत?"

मागून पट्टी आली नाही. थोड्या वेळानं उठल्याचा आवाज आला, भिंतीला हात लावत लावत ती दारापर्यंत गेली आणि गेली.

एवढं काय बोलले मी? तिनं मला यापेक्षा कितीतरी वाईट ऐकवलंय. खुराडं विसरले नाही मी अजून.

गुरुवार, ३ नोव्हेंबर

हुहाना येत नाही. निरोप पाठवला, उत्तर नाही. मी एकटीच पुढे बसून एक टाका घालते, उठून मागे जाते, ओढते, परत पुढे येते. दिवसभरात वीतभरसुद्धा होत नाही आणि रात्री पाठ बोंब मारते. आज एरुएरा आला, मोजपट्टी घेऊन. "सहज आलो," म्हणाला, आणि सहजच खांबांमधली रुंदी मोजली.

प्लायवूडची मापं घेतली त्यानं. मला काय कळत नाही?

चौकट नाही झाली तर पाहुण्यांसमोर त्या दोन खांबांमध्ये आमचं भांडण टांगलेलं दिसेल. आणि सासूबाईंचं नाव संपलं.

शनिवार, ५ नोव्हेंबर

गेले मीच. धुरावलेली वाम घेतली, आणि समजूत काढायला एक पाकोळी जॅमच्या बरणीत घातली, झाकणाला भोकं पाडून, कोउकाच्या पानाच्या तुकड्यासकट. म्हटलं, एकदा बघितली की विरघळेल.

हुहानाच्या घरात पडदे लावलेले. भर दुपारी अंधार आणि रेडिओ चालू. मागच्या दारापासून कपड्याच्या तारेपर्यंत तिनं दोरी बांधलीय, कमरेएवढ्या उंचीवर. कप सगळे एका ओळीत, कान एकाच बाजूला. पूर्वी हिच्या घरात चमचा शोधायचा तर पोलिस बोलवावे लागत. म्हातारपणी शिस्त आली म्हणायची.

"वाम आणलीस," दार उघडताच ती म्हणाली. मी अजून पिशवी उघडलीही नव्हती.

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बटणं म्हणालीस. बटणं निदान कामाला येतात." मी हसले, पण विनोद नीटसा कळला नाही.

मग बरणी दिली तिच्या हातात. तिनं दोन्ही हातांनी धरली, खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "सुंदर आहे गं. किती बारीक रेघा." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हुहाना आणि "सुंदर"!

घरी येताना रस्त्यात बरणी उजेडात धरली तर पाकोळी नाही. हलवली, पान बाहेर काढलं, उलटसुलट केलं. नाहीच. झाकण नीट बसलं नव्हतं, ती केव्हाच निघून गेली होती, बहुतेक निघतानाच. म्हणजे हुहानानं रिकाम्या बरणीला सुंदर म्हटलं! माझं मन राखायला खोटं बोलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला काळजीच वाटायला लागलीय, तिला काही आजारबिजार तर नाही?

मंगळवार, ८ नोव्हेंबर

आली! कुंपणाला हात लावत, आपल्या कुत्र्याला पुढे घालून, सावकाश. अटी घालूनच बसली. "रंग तू निवडायचा. सोनेरीच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. आणि मोठ्यानं मोजायचं, कुठल्या काडीतून कुठे. मनात मोजशील तर मी उठून जाईन."

"गाठ कशाला?"

"आमच्या माहेरी मारतात."

बरं, माहेरचं म्हटलं की पुढे बोलायचं नसतं. गाठी मारल्या. आणि काय सांगू, असं सुरेख चाललंय! मी मोजते, ती ओढते, पट्टी सुळकन जाते आणि सुळकन येते. जरा चुकून पुढची काडी म्हटलं तर मागून आवाज, "मागची म्हणायचंय तुला." कसं कळतं हिला?

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

आज डोकं गरगरलंय. सावकाश लिहिते.

विणता विणता हुहाना थांबली. मागून तळहात फिरवत होती, सरसर आवाज येत होता. मग म्हणाली, "धाकटे, पानाच्या रेघा काड्यांबरोबर चालल्यात, उभ्या. पाकोळीच्या रेघा काड्यांना आडव्या का?"

"कारण रेघा एका पंखावरून दुसऱ्या पंखावर जातात आणि पाकोळी उभी आहे. त्यामुळेच तर ठळक दिसते."

"ठळक दिसते?" ती म्हणाली. "मग पाखरू खाऊन टाकेल की तिला."

मी पट्टी तशीच सोडली आणि घरी परसात गेले. झाडाखाली उभी राहिले आणि एक सापडेपर्यंत हलले नाही. सापडली. पान खाली लोंबतंय. आणि ही बाई त्याच्यावर आडवी! डोकं एका कुशीला, शेपूट दुसऱ्या कुशीला. आडवी बसली म्हणून तिच्या रेघा उभ्या झाल्या, आणि उभ्या झाल्या म्हणून पानात मिसळल्या. दुसरी शोधली, तीही आडवी. एवढीशी ती, आरसा नाही, कोणी सांगणारं नाही, पण तिला ठाऊक की आपल्या अंगावरच्या रेघा कुठल्या दिशेला आहेत! मला माझा झगा उलटा घातलाय हे दुपारी कोणीतरी सांगावं लागतं.

आणि मी तिला उभी विणली. महिनाभर रोज आडवी बघून उभी विणली! का, तर आमच्या सभाघरात सगळेच उभे. सगळे पूर्वज पाय रोवून, डोकं वर. घरात काही घालायचं म्हणजे उभंच घालायचं, हे हातातच बसलंय, डोळ्यांचं ऐकतच नाही.

परत आले. म्हटलं, "आडवी बसते ती."

"मग उसव," हुहाना म्हणाली.

"तीन आठवडे राहिलेत!"

"म्हणून म्हणते, आज उसव. उद्या नको."

उसवली. एरुएराला कळलं तसा तरातरा आला. "पूर्वजांच्या रांगेत कोणी आडवं नसतं! इथे सगळे उभे राहतात."

हुहाना काड्यांमागून म्हणाली, "एरुएरा, या घरात उभे फक्त मेलेले आहेत. जिवंत माणसं इथे येऊन काय करतात?"

एरुएरानं कपाळाला आठ्या घातल्या.

"गाद्या टाकून झोपतात," ती म्हणाली. "रांगेनं, भिंतीकडे डोकं करून. तूही घोरतोस, त्या खिडकीखाली. मग ही एक झोपली तर काय बिघडलं?"

एरुएरानं त्या उसवलेल्या भोकाकडे बघितलं. मग मोजपट्टी खिशात घातली आणि जाताना म्हणाला, "डोकं दाराकडे करा तिचं. बाहेर कोण आलं ते कळेल तिला."

सोमवार, २१ नोव्हेंबर

लिहायला सवड नाही. सकाळी उजाडताच बसतो, बोटं सुजेस्तोवर विणतो. नवा पंख एक झाला. हुहानाच्या हुकमावरून पाकोळीपुरती पट्टी दुहेरी घेतलीय. म्हटलं, "पट्ट्या वाया जातील, पुढून काही फरक दिसत नाही." म्हणाली, "दिसण्याचं तू बघ." रेघांचे रंगही पानाचेच, नुसत्या अर्ध्या काडीनं सरकवलेल्या. पुरेल की नाही वेळ, कळत नाही. काल स्वप्नात प्लायवूड आलं.

बुधवार, ३० नोव्हेंबर

झाली. शेवटची पट्टी हुहानानं मागून पाठवली आणि मी गाठ मारली. ती पुढे येऊन बसली, चौकटीसमोर, आणि म्हणाली, "सांग कशी दिसते."

"तूच बघ की."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

सांगितली मग. सगळी, वरपासून खालपर्यंत, एक एक रेघ. अर्धा तास बोलत होते. मध्ये एकदाही "पुरे" म्हणाली नाही. आज सगळंच अजब.

शनिवार, ३ डिसेंबर

घर उघडलं. पाय दुखतायत, पोट तुडुंब आहे, तरी आजच लिहून काढते.

पहाटे सगळे अंगणात उभे, पाहुणे, घरचे, काखेत पोरं. दिवे लावायचे नाहीत. आत मिट्ट अंधार. उंबरा आधी वयस्क बाईनं ओलांडायचा, हा मान हुहानाचा. मला भीती, आत बांधकामाचं काय काय पडलेलं असेल, ठेचकाळेल. पण ती चालली ती अशी चालली की तिच्यासाठी दिवस उजाडलाय. आम्ही मागून येणारे एकमेकांच्या टाचा तुडवत होतो. एरुएरा प्रार्थना म्हणता म्हणता बाकाला धडकला आणि प्रार्थनेत नसलेला एक शब्द म्हणाला.

मग उजाडलं, दारं उघडली. लोक चौकटीसमोर जमले. "रेघा सुंदर आल्यात," म्हणाले. "वाळक्या पानासारखंच वाटतं." खाडीपलीकडची एक बाई म्हणाली, "पण पाकोळी आहे म्हणत होते ना? कुठेय?"

कोणालाच सापडेना! पोरं नाक लावून बघायला लागली. एरुएरा ऐटीत पुढे झाला, "ही काय," म्हणून बोट ठेवलं, ते भलत्याच ठिकाणी. माझी छाती अशी फुगली! म्हटलं, बसली गं बाई, खरी बसली. मीच विणलेली, तरी क्षणभर मलाही दिसली नाही.

तेव्हा हुहानानं हात पुढे केला. तळहात चौकटीवर टेकवला, जरा सरकवला आणि थांबवला. "ही. इकडे डोकं, इकडे शेपूट. झोपलीय, ओरडू नका." लोकांनी पाहिलं आणि एकदम सगळ्यांना दिसली. आ आ करायला लागले.

मी मात्र हुहानाकडे बघत होते. तिचा हात पाकोळीवर होता आणि तोंड दाराकडे. पापणी हलत नव्हती. सूर्य समोरून थेट तिच्या डोळ्यांत येत होता, आणि ती तशीच, डोळे उघडे ठेवून, उन्हाकडे बघत उभी.

मग मी काय केलं असेल? लंगडत तिच्यापाशी गेले आणि म्हटलं, "हुहाना, मला धर गं जरा. गुडघा गेलाय. जेवणघरापर्यंत ने."

तिनं माझा दंड धरला. चार पावलं गेल्यावर कानाशी म्हणाली, "तुझा डावा गुडघा दुखतो, धाकटे. लंगडतेयस उजव्यानं. ऐकू येतं मला."

मी पाय बदलला.

"आत्ता कळलं होय?"

"आत्ताच."

"कोणाला बोलू नकोस. मला खुर्चीत बसवून चहा पाजत राहतील. जेवणघराच्या भिंतीला दोन चौकटी लागणार आहेत, एरुएरानं आत्ताच विचारलंय."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पिरिहिराचा गुडघा बरा होऊ दे."

मी लंगडायचं सोडलं. दंड मात्र तिनं सोडला नाही.